तांदळाच्या पट्टीतलं मेंडोलिन

आक्काचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर ढकलत होतो. एका हातात कुलूप, खांद्यावर पिशवी, आणि मान वाकडी करून कानाशी दाबलेला मोबाईल. आता आक्काच्या फोनची एक रीत होती. आधी गिरणी ऐकू यायची, मग आक्का. त्यांच्या गावात रेंज येते ती फक्त गिरणीच्या खिडकीत, त्यामुळे सुखाची बातमी असो की दुखण्याची, मागे घूंऽऽ असा आवाज धरलेलाच. त्या दिवशी पलीकडे काहीच नाही. सगळं गपगार. आणि माझी अक्कल बघा, बहीण सकाळी सकाळी का फोन करते आहे हे विचारायचं सोडून मी आपला मोठ्याने, शेजारच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल असा ओरडलो, "काय आक्का, आज गिरणी बंद? लाईट गेली वाटतं वेल्ह्याची!"

आक्का म्हणाली, "लाईट हाय रे. तुजं दाजी न्हाईत."

सकाळी गिरणीचं दार उघडून, पट्टा चढवून, बटन दाबायच्या आधी ते जरा टेकले ते टेकलेच. समोरच्या भिंतीवर खिळ्याला मेंडोलिन होतं. एरवी बटन दाबलं की हात आपोआप तिकडे जायचा. त्या दिवशी बटनापर्यंतही गेला नाही.

आम्ही दोघं, मी आणि माझी बायको मंगल, भोरहून निघालो. कापूरहोळ गेलं, कामथडी आलं. कामथडी आमचं गाव. इथल्याच मांडवात आक्काचं लग्न लागलं होतं आणि मी तेव्हा शाळकरी, करवला म्हणून नवरदेवामागे मिरवत होतो. मंगल खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणालो, "आक्काला फोनवर काय बोललो माहितीये का मी?" तिने सांगू दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दाजींना सांगितलं असतं तर आठवडाभर हसले असते." आणि मग आम्ही दोघंही, नसरापूर मागे पडून आंबवण्यापर्यंत, रडावं का हसावं या गोंधळात आळीपाळीने दोन्ही करत राहिलो.

कारण दाजी आठवले की हसू आधी येतं, त्याला माझा इलाज नाही.

दाजी गिरणीवाले. वेल्ह्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव, गावाला एकच गिरणी, आणि गिरणीत हे मेंडोलिन. वरव्याच्या एका बँडवाल्याने धंदा मोडला तेव्हा ते दळणाच्या बदल्यात दाजींकडे आलं. भोपळ्यासारखी फुगीर पाठ, आणि चार जोड्यांत बांधलेल्या आठ तारा. शिकवायला कोण होतं? रेडिओ! रेडिओवर सिनेमाचं गाणं लागायचं, त्यातला मधला मेंडोलिनचा तुकडा दाजी कान टवकारून ऐकायचे आणि मग दिवसभर, गिरणी चालू असेपर्यंत, तो तारांवर शोधत बसायचे. डब्याच्या झाकणातून कापलेला प्लास्टिकचा इवलासा तिकोन चिमटीत धरून तारा अशा काही थरथरवायचे की वाटावं, ताराच थंडीने कुडकुडताहेत. पीठ उडून उडून मेंडोलिन पांढरं, दाजींच्या भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. मी पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं तेव्हा आक्काला विचारलं होतं, "दाजी एवढे म्हातारे कधी झाले गं?" ती म्हणाली, "संध्याकाळी आंगुळ केली की पुन्हा तरणं व्हत्यात."

पण खरी गंमत पुढेच. गिरणी चालू असताना नाव घेऊन हाका मारल्या तर ऐकू कुणाला येणार? बायका डबे रांगेत लावून बाहेर पारावर गप्पा मारत बसलेल्या. मेंडोलिनची किणकिण मात्र त्या घरघरीतूनही पारापर्यंत पोचायची. मग दाजींनी काय करावं? प्रत्येक घराला एकेक गाणं लावून दिलं! सरपंचांच्या घराचं ऐटबाज चालीचं. शाळेतल्या बाईंचं पावसातलं. खालच्या आळीच्या हिराबाईंचं एकदम उडत्या ठेक्यातलं, कारण हिराबाईंना कधी दम म्हणून नसायचा. ज्याचं दळण खाली पडतंय त्याचं गाणं वाजणार. पारावर बसलेली बाई गप्पा तोडून उठायची, "आलं गं बाई माझं!" आणि डबा उचलायला पळायची. गावात नवी सून आली की पहिल्या दळणाला सगळ्या बायका कान लावून, हिला कुठलं गाणं मिळतंय! एका सुनेला रडकं गाणं लागलं तर सासू भांडायला आली होती. दाजींनी हसतखेळत बदलून दिलं.

मी सुट्टीत गेलो की माझंही एक गाणं होतं. हिरोचं असेल असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पुढे तो सिनेमा बघितला तेव्हा कळलं, ते गाणं पडद्यावर गाढवामागे धावणाऱ्या विनोदी नटाचं आहे. दाजींना जाब विचारला तर म्हणाले, "मंग? तुज्या चालीवर बरूबर बसतंय की!"

एकटी आक्काच बिनगाण्याची. तिच्या घरचं दळण, त्याला कसला नंबर आणि कसली हाक? ती कधीतरी चहाचा कप आपटत म्हणायची, "गावातल्या समद्या बायांना गाणं हाय, मलाच तेवढं न्हाई." दाजी नुसतं मिशीतलं पीठ झटकायचे.

मागच्या वर्षी भोरमध्ये हौशी वादकांची एक सायंकाळ ठरली. हॉलमध्ये, माईक, पडदा, खुर्च्या सगळं. मी दाजींना न विचारता त्यांचं नाव देऊन आलो. मेव्हण्याने एवढं तरी करावं की नाही? फोन करून सांगितलं तेव्हा गिरणीच्या आवाजात दाजींना आधी वाटलं मी दळण आणतोय. कळल्यावर म्हणाले, "भोरात? ष्टेजवर? मी?" आणि लगेच, "शर्ट कुठला घालू?" म्हणजे मनात होतंच!

दोन दिवस आधी ते आमच्याकडे सरावाला आले. आमच्या स्वयंपाकघरात एक घरघंटी आहे, मंगलने हौसेने घेतलेली. दाजींना ती दारातूनच दिसली. "वैनी, ह्ये काय? फ्रीजचं पिल्लू?" मंगल म्हणाली, "दाजी, आता तुमच्याकडे दळण पाठवायची कटकट मिटली." तर त्यांनी वाकून घरघंटीला कान लावला, मंगलला चालू करायला लावली आणि डॉक्टरसारखं निदान केलं, "ही गात न्हाई वैनी, नुसती घोरती." मंगलने त्या दिवशी चहात साखर कमी घातली असा माझा संशय आहे.

मग दाजी बैठकीत बसले, मेंडोलिन मांडीवर घेतलं, डोळे मिटले, आणि वाजवायला लागले... काय सांगू! मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसलं काहीतरी निघालं. पुन्हा खुंट्या पिळल्या, पुन्हा तेच. एक जोडी लागली की दुसरी उतरायची. मंगल स्वयंपाकघरातून डोकावून गेली. दाजींच्या कपाळावर घाम. शेवटी मेंडोलिन बाजूला ठेवून ते हळूच म्हणाले, "सुरेश, मला न्हाई जमायचं. खाली कायतरी घरघरत पायजे रं. न्हाईतर मी कुठं हुबा हाय त्येच मला कळत न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाने आयुष्यात कधी शांततेत वाजवलंच नव्हतं! त्यांचा तानपुरा म्हणजे गिरणी. त्यांनी तारा लावल्या त्या गिरणीच्या घूंऽऽ ला. तेही कुठल्याही घूंऽऽ ला नाही. तांदूळ पडत असला की गिरणी मोकळी, वरच्या आवाजात चालते, नाचणी पडली की दबते, असा त्यांचा हिशोब. त्यांच्या तारा तांदळावर लावलेल्या. ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर आमचे वादक तांदळावाचून अडले होते.

मी हुशार माणूस. लगेच मोटारसायकल काढून त्यांच्या गावाला गेलो, गिरणीचा आवाज मोबाईलवर भरून आणला. दाजींनी ऐकला, मान हलवली. "ही कालची गिरणी हाय. उद्याचं व्होल्टेज येगळं आसंल. कालच्या व्होल्टेजवर उद्या कसा वाजवू?" शेवटी तोडगा आक्कानेच काढला. कार्यक्रमाच्या वेळी ती गिरणी चालू करणार, खिडकीत फोन धरून बसणार, आणि मी स्टेजवर दाजींच्या शेजारी बसून मोबाईल त्यांच्या कानाशी धरणार. रिकामी गिरणी चालवली तर दगडावर दगड घासतो, म्हणून तिने घरचा तांदूळ काढून ठेवला. "पिटाचं काय करशील एवढ्या?" मी विचारलं. "घावनं घालीन. वर्सभर खावा."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला. की-बोर्डवाले गृहस्थ फार सज्जन, त्यांनी अदबीने विचारलं, "काका, कुठल्या पट्टीत वाजवता?" दाजी म्हणाले, "तांदळाच्या." ते गृहस्थ आपल्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांकडे बघतच राहिले. पडदा उघडला. पहिल्या रांगेत मंगल, पदर तोंडाशी धरून, ओळख दाखवावी की नाही या विचारात. स्टेजवर नव्या कोऱ्या शर्टातले दाजी, आणि त्यांच्या कानाशी मोबाईल धरून बसलेला मी, मोरावळ्याच्या बरणीवर बसवलेल्या राखणदारासारखा. लोकांना वाटलं असणार, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही आणि हा त्यांचा मुलगा आहे.

पलीकडून घूंऽऽ सुरू झालं. दाजींचा चेहरा बदलला! जणू दोन डोंगर ओलांडून आपल्या पायरीवर येऊन बसले. पहिलं गाणं असं गेलं की हॉल गपकन शांत झाला, आणि मधला तुकडा आला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी "वाहवा" केलं. माझा हात भरून आला होता, पण हलवायची हिंमत नाही. दुसरं गाणं सुरू झालं. अर्ध्यावर आलं आणि... फोनमधला आवाज खाली बसला. घूंऽऽ चं घोंऽऽ झालं. दाजी थबकले. हॉल थबकला. दाजी माझ्या हातातल्या मोबाईलवर वाकले, समोर माईक आहे हे पार विसरून, आणि भोरच्या त्या हॉलमध्ये त्यांचा आवाज घुमला, "आगं ए! कुणाचं दळाण घातलंस? नाचणी हाय ती! तांदूळ टाक, तांदूळ!"

हसण्याचा असा लोट आला की पडदा हलला. मागून वेल्ह्याकडचाच कुणीतरी ओरडला, "वैनी, टाका तांदूळ!" फोन स्पीकरवर, समोर माईक, त्यामुळे आक्काचं उत्तरही अख्ख्या हॉलने ऐकलं. "आवो, हिराबाई खोळंबल्यात! पाव्हणं आल्यात त्यांच्यात, भाकरी कवा टाकायच्या त्यांनी?" आणि तिच्या मागून हिराबाईंचा खणखणीत आवाज, "पायलीभर तर हाय! हुंद्या की माझं!"

दुसरा कुणी असता तर जमिनीने पोटात घ्यावं असं त्याला झालं असतं. दाजी मात्र सरळ बसले, माईककडे बघून अगदी गिरणीत सांगतात तसं म्हणाले, "मंडळी, जरा थांबा. हिराबाईचं दळाण हुंद्या."

आणि मंडळी थांबली! भोरमधला तो सगळा हॉल, वकील, मास्तर, दुकानदार, आमची मंगल, सगळे गप्प राहून वेल्ह्याच्या पलीकडच्या एका गावात पडणारी नाचणी ऐकत बसले. कुणी खोकलंही नाही. घोंऽऽ... घोंऽऽ... मग आवाज हलका झाला, सुटा झाला, आणि घूंऽऽ करून वर चढला. "आला!" पहिल्या रांगेतले एक आजोबा खुर्चीतून अर्धे उठले, "तांदूळ आला!" टाळ्या पडल्या, दाजींनी डोळे मिटले आणि गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच उचललं. मी आयुष्यात बऱ्याच मैफली ऐकल्यात असं मी लोकांना सांगतो, पण खरं सांगायचं तर अंगावर काटा आला तो तेवढ्या एकाच वेळी, आणि तेही तांदळामुळे.

शेवटचं गाणं राहिलं होतं. दाजींनी तारांवर हात ठेवला आणि फोनमध्ये म्हणाले, "आता गिरणी बंद कर."

मी दचकलो. हळूच म्हणालो, "दाजी, अहो..." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "बंद कर, आन फोन कानाला लाव." पलीकडे घूंऽऽ उतरत गेलं, उतरत गेलं, पट्ट्याची फटफट झाली आणि थांबली. आता हॉलमध्ये काहीच नव्हतं. दाजी कुठे उभे आहेत हे सांगणारं खाली काही नव्हतं. त्यांनी चिमटीतला तिकोन नीट धरला. ते म्हणाले, "ह्ये तुजं."

मग त्यांनी वाजवलं. हळू चालीचं, जुनं, मांडवात वाजायचं तसलं गाणं. मला आधी ओळखू आलं नाही... कामथडीला आक्काच्या लग्नात वरात निघाली तेव्हा बँड हेच वाजवत होता. सुरुवातीला सूर घसरला. कडव्यात एकदा चाचपडले. मधला तुकडा मात्र असा निघाला, नितळ, की मी मोबाईल माईकपाशी धरायचा का दाजींपाशी हेच विसरून तो छातीशी धरून बसलो. सगळ्या गावाला गाणी वाटून झाल्यावर हे एक त्यांनी इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं, कोण जाणे.

संपलं. टाळ्या थांबेनात. दाजींनी फोनमध्ये दोनदा "हालो" केलं. मग तिचा आवाज आला, "आवो... जेवून येनार का घरी?"

दाजी मोबाईल माझ्या हातात देत लहान पोरासारखे हसले. "आवडलं तिला."

त्यानंतर तिला रोज गाणं मिळालं. संध्याकाळी शेवटचं दळण पडलं, गिरणी बंद झाली, की दाजी गिरणीशिवाय तेवढं एकच गाणं वाजवायचे. गावाला कळायचं, आता आक्काची भाकरी तव्यावर पडली.

तेराव्यानंतर आक्काने गिरणी पुन्हा चालू केली. गावाचं दळण किती दिवस अडवायचं? मी तिथेच होतो. बटन दाबलं, घूंऽऽ सुरू झालं, आणि पारावरच्या सगळ्या बायका एकदम बोलायच्या थांबल्या. हिराबाई डब्याचं झाकण मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचं दळण पडून गेलं तरी त्या उठल्या नाहीत. त्यांना उठवायला गाणंच वाजलं नाही. शेवटी आक्का दारात येऊन म्हणाली, "हिराबाई, न्या," आणि पटकन आत गेली. निघताना तिने मेंडोलिन खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं. "घिऊन जा बाबा. हितं आसलं की गिरणी चालू केल्यावर माझं कान तिकडंच लागत्यात."

यंदा आमच्याकडे दिवाळी नाही. भाऊबीजेला ओवाळणं नाही, ताटात काही घालणं नाही. पण भावाने रिकाम्या हाताने तरी कसं जायचं? तेव्हा मी ठरवलंय की त्या दिवशी संध्याकाळी, शेवटचं दळण झाल्यावर, आक्काला तिचं गाणं वाजवून दाखवायचं. पूर्ण नाही जमलं तर निदान मधला तुकडा! हे मी घरात जाहीर केलं तेव्हा मंगलने पोळी लाटता लाटता विचारलं होतं, "तुम्हाला शिट्टी तरी सुरात येते का?" प्रश्न रास्त होता.

काल दुपारी बसलो. नुकतीच पुसलेली फरशी, मांडीवर मेंडोलिन. ते जरा तिरकं केलं आणि त्याच्या पोटातून भुरूभुरू पीठ गळायला लागलं. इतकी वर्षं आत साठलेलं, किती घरांचं कोण जाणे. फरशीवर पांढरी रेघ उमटली. मंगल दारात उभी होती. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून खुंट्या पिळायला लागलो. एक जोडी लागली, दुसरी उतरली. दुसरी लावली, पहिली रुसली. छेडलं की तीच ती मांजराची शेपटी. दाजींची ती सरावाची दुपार आठवली आणि बोटं जास्तच वेडीवाकडी पडायला लागली. मी कुठं उभा आहे तेच मला कळत नव्हतं... डोळे भरून आले ते पिठाने, असं मी ठरवून टाकलं.

मान वर केली तर मंगल दारात नव्हती. फरशीवरचं पीठ तसंच होतं, तिने झाडू आणला नव्हता. आत डब्यांची खुडबुड ऐकू आली. झाकण पडल्याचा आवाज. मग घरघंटीचं बटन दाबल्याचा खटका, आणि ती आपल्या घोगऱ्या आवाजात सुरू झाली. मी तार धरून बसलो. मंगलने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं, हातात पातेलं, आणि त्या आवाजावर आवाज चढवून विचारलं,

"अहो, तांदूळ टाकू का नाचणी?"